रजा, सुट्टी, खाडा, दांडी: इंग्रजी अर्जात लीव्ह, हॉलिडे आणि ऑफ यांची गल्लत कशी टाळायची

मी जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टाइम ऑफिसला बसतो, म्हणजे मस्टर, पंचिंग, लीव्ह कार्ड, गेट पास हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं. आधी रजेचा अर्ज मराठीत कागदावर यायचा, चार ओळी, खाली सही, विषय संपला. आता अर्ज ॲपमधे टाकायचा नाहीतर मेल करायचा, आणि तो इंग्रजीतच पाहिजे असं वरून आलंय, आणि तेव्हापासून रोज एक तरी अर्ज असा येतो की वाचून कळतच नाही की हा रजा मागतोय, नोकरी सोडतोय की नुसतं कळवतोय की त्या दिवशी सुट्टी आहे. मागे एका पोराने "आय वॉन्ट टू लीव्ह फ्रॉम संडे" एवढंच लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी हेड ऑफिसमधून मला फोन, याचा नोटीस पिरियड किती आहे म्हणून. त्याला बिचाऱ्याला कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणासाठी, दोन दिवस पाहिजे होते फक्त.

म्हणून हे एकदा सगळं क्रमाने लिहितोय. टप्पे उडवू नका, कारण नव्वद टक्के गोंधळ पहिले तीन टप्पे गाळल्यामुळेच होतो असं माझं मत आहे, मोजलेलं नाही.

तयारी: लिहायला बसायच्या आधी चार गोष्टी हाताशी घ्या

एक, लीव्ह कार्ड किंवा ॲपमधला बॅलन्स, कोणत्या प्रकारच्या किती रजा शिल्लक आहेत ते.

दोन, कंपनीची किंवा ऑफिसची यावर्षीची हॉलिडे लिस्ट. भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या लाल तारखा चालणार नाहीत, त्या छापणाऱ्याने छापलेल्या असतात, तुमच्या मॅनेजमेंटने मान्य केलेल्या नसतात.

तीन, तुमचा वीकली ऑफ कोणत्या वारी आहे ते. आमच्याकडे शनिवारी असतो, बऱ्याच ठिकाणी रविवारी, आणि राज्य सरकारच्या ऑफिसांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाल्यामुळे शनिवार-रविवार दोन्ही. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार.

चार, हे वाचणार कोण? जळगावचा सुपरवायझर, भुसावळचा रेल्वेचा बाबू, पुण्याची एचआर की अमेरिकेतला क्लायंट? शब्द तोच असला तरी यातल्या प्रत्येकाला त्यातून वेगळं काहीतरी समजतं.

टप्पा 1: आधी मराठीत ठरवा

आपल्या भाषेत हे सगळे फरक आधीपासून आहेत, फक्त बोलताना आपण ते वापरत नाही. रजा ही मागावी लागते आणि कोणीतरी मंजूर करावी लागते. सुट्टी आपोआप असते, सगळ्यांना असते, कोणाला विचारायचं काम नाही. खाडा म्हणजे कामावर गेलो नाही आणि त्या दिवसाचा पैसाही नाही. दांडी म्हणजे न सांगता गायब.

अडचण अशी की आपल्याकडे सगळ्यालाच सुट्टी म्हणतात. "माले सुट्टी पाहिजे", "आज सुट्टी टाकेल शे", "पोऱ्याच्या शाळेला सुट्टी शे", तीन वेगळ्या गोष्टी आणि शब्द एकच. मग इंग्रजीत जाताना तिन्ही ठिकाणी हॉलिडे येतो आणि तिथेच गाडी घसरते.

आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: त्या दिवशी माझ्या शेजारच्या मशीनवाल्याला पण सुट्टी आहे का? असेल तर ती सुट्टी, म्हणजे हॉलिडे. तो कामावर आहे आणि मी नाही, तर ती माझी रजा, म्हणजे लीव्ह. तो कामावर आहे, मी नाही, पण माझा ठरलेला आठवड्याचा दिवसच तो आहे, तर तो ऑफ. आणि यातलं काहीच नाही तर तो खाडा किंवा दांडी, त्याचं टप्पा 7 मधे बघू.

तपासा: कागदावर मराठीत एक वाक्य लिहा, "मला अमुक दिवशी रजा हवी आहे" किंवा "अमुक दिवशी सुट्टी आहे". हे वाक्य लिहिता येत नसेल तर इंग्रजीला हात लावू नका अजून.

टप्पा 2: हॉलिडे की लीव्ह

हॉलिडे कोणीतरी जाहीर करतं. सरकारी सार्वजनिक सुट्ट्या 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 25 खाली जाहीर होतात, बँका त्याच्यावरच बंद राहतात, म्हणून लोक त्याला बँक हॉलिडे म्हणतात. दुकानं, हॉटेलं, खाजगी ऑफिसं यांच्यासाठी महाराष्ट्राचा 2017 चा शॉप्स ॲक्ट आहे, त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर ह्या चार ठरलेल्या आणि बाकीच्या चार मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू व्हायच्या आधी ठरवायच्या. ह्या शेवटच्या चारकडे आपल्याकडे कोणी लक्षच देत नाही. डिसेंबरात लिस्ट लागते तेव्हा गप्प बसायचं आणि मग अक्षयतृतीयेला मालकाच्या नावाने बोटं मोडायची. आखाजी पाहिजे असेल तर डिसेंबरात बोला ना भाऊ.

मतदानाच्या दिवशी 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135 बी खाली मतदाराला पगारी सुट्टी असते, ती पेड हॉलिडे. त्यासाठी सीएल (कॅज्युअल लीव्ह) टाकू नका, दर निवडणुकीला दोनचार जण टाकतातच.

आता कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन, रोट असतात, घरचे सगळे लागतात, मुंबई-सुरतहून भाऊबंद येतात. अख्खी गल्ली बंद असते म्हणून पोरं लिहितात, "मंडे इज कानबाई हॉलिडे". गल्लीला असेल, कारखान्याला नाहीये. लिस्टमधे नसेल तर ती लीव्हच. तुमच्या जिल्ह्यात कलेक्टरांनी त्या वर्षी स्थानिक सुट्टी जाहीर केली असली तरी ती सरकारी ऑफिसांसाठी असते, खाजगी कारखान्याला आपोआप लागू होत नाही. अक्षयतृतीया, पोळा, गावची यात्रा, सारंगखेड्याची जत्रा, सगळ्यांना हाच नियम.

एक मधला प्रकार आहे, ऑप्शनल किंवा रिस्ट्रिक्टेड हॉलिडे, आरएच म्हणतात. नाव हॉलिडे पण मागावी लागते. केंद्र सरकारच्या लोकांना वर्षात दोन मिळतात, मोठ्या लिस्टमधून आपल्याला पाहिजे ती दोन निवडायची. रेल्वेवाले, ऑर्डनन्सवाले यांना हे माहीतच आहे.

सावधान: "आय वॉन्ट हॉलिडे ऑन मंडे" असं साहेबाला कधीच लिहू नका. हॉलिडे द्यायचा अधिकार त्याला नाहीये, आणि वाचताना असं वाटतं की तुम्ही पूर्ण कारखाना बंद ठेवायला सांगताय.

टप्पा 3: लीव्ह शब्द नीट बसवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण हा शब्द दुतोंडी आहे. नाम म्हणून लीव्ह म्हणजे रजा, आणि क्रियापद म्हणून लीव्ह म्हणजे निघून जाणे, सोडणे. मधे नुसतं "टू" आलं की नामाचं क्रियापद होतं आणि रजेचा राजीनामा होतो. "आय वॉन्ट लीव्ह" म्हणजे रजा पाहिजे, "आय वॉन्ट टू लीव्ह" म्हणजे मला जायचंय, आता कायमचं की पाच वाजता ते समोरच्याने ठरवायचं.

तसंच "आय विल लीव्ह ऑन फ्रायडे" म्हणजे शुक्रवारी निघेन. "आय विल बी ऑन लीव्ह ऑन फ्रायडे" म्हणजे शुक्रवारी रजेवर असेन. दोन्हीत फरक फक्त "बी ऑन" एवढाच आहे आणि तेच गाळतात. "आय ॲम लीव्ह टुडे" हे तर रोज व्हॉट्सॲपवर येतं, ते चूक आहे, "आय ॲम ऑन लीव्ह टुडे" पाहिजे. आणि काल रजेवर होतो हे सांगायला "आय लेफ्ट यस्टरडे" नाही, "आय वॉज ऑन लीव्ह यस्टरडे".

आता अनेकवचन. "आय हॅव एट लीव्हज", "प्लीज सँक्शन माय थ्री लीव्हज". आपल्याकडे सगळीकडे चालतं, एचआरवालेही बोलतात, पण इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाला लीव्हज म्हणजे पानं. रावेर-यावलकडच्या माणसाने तीन लीव्हज मागितल्या तर तो म्हणेल केळीची देऊ का. जळगावातल्या जळगावात मी हे चूक धरत नाही, बोलताना तर मीच बोलतो. पण बाहेर जाणाऱ्या मेलमधे "थ्री डेज ऑफ लीव्ह" (हा ऑफ एका एफचा, of; टप्पा 5 मधला सुट्टीचा ऑफ दोन एफचा, off) किंवा "थ्री डेज लीव्ह" लिहा, दिवस मोजा, लीव्ह मोजू नका.

सरकारी नोकरीवाल्यांसाठी खास खड्डा: अर्जात एक रकाना असतो, "परमिशन टू लीव्ह हेडक्वार्टर्स". हे रजा मागणं नाही. मुख्यालय सोडायची परवानगी वेगळी आणि रजेची मंजुरी वेगळी. सीएल मंजूर झाली म्हणून धुळ्याचा माणूस न सांगता सुरतला गेला आणि मधेच बोलावणं आलं तर पंचाईत. दोन्ही रकाने भरा.

अजून एक, "टेक लीव्ह" म्हणजे रजा घेणे हे बरोबर, पण पुढे "ऑफ" (of) लावून माणूस जोडला, "आय टूक लीव्ह ऑफ माय बॉस", की त्याचा अर्थ साहेबांचा निरोप घेतला.

तपासा: हेडक्वार्टर्सचा रकाना सोडून अर्जात लीव्हच्या मागे "टू" आहे का बघा. असेल तर खोडा.

टप्पा 4: कोणती लीव्ह ते नाव घाला

नुसतं लीव्ह लिहिलं तर मी कोणत्या खात्यातून कापू? मग मी माझ्या मनाने कापतो आणि मार्चमधे भांडण होतं.

कॅज्युअल लीव्ह, सीएल, म्हणजे अचानक आलेल्या छोट्या कामासाठी. शॉप्स ॲक्टमधे वर्षाला 8 दिवस, दर तिमाहीला थोडी थोडी जमा होते आणि वर्ष संपलं की उरलेली लॅप्स. सरकारी नोकरीत गंमत अशी की सीएल ही नियमांच्या भाषेत रजाच नाही, त्या दिवशी माणूस ड्यूटीवर धरला जातो. म्हणूनच केंद्राच्या ऑफिसात सीएलला ईएल (अर्न्ड लीव्ह) जोडून घेता येत नाही.

अर्न्ड लीव्ह म्हणजे काम करून कमावलेली. तिलाच काही ठिकाणी प्रिव्हिलेज लीव्ह, पीएल म्हणतात, काही ठिकाणी ॲन्युअल लीव्ह. तीन नावं, वस्तू एकच, म्हणून एकाच अर्जात "ईएल अँड पीएल" असं लिहू नका. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमधे वर्षात 240 दिवस भरले तर दर 20 दिवसांमागे एक दिवस असा हिशोब होता, 2020 च्या नव्या लेबर कोडमधे ती 240 ची अट 180 वर आणलीय. शॉप्स ॲक्टमधे 45 दिवसांपर्यंत साठवता येते. सरकारी माणसाला 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15, साठा 300 दिवसांपर्यंत.

रेल्वेत याच रजेला एलएपी म्हणतात, लीव्ह ऑन ॲव्हरेज पे, आणि अर्ध्या पगारीला एलएचएपी. भुसावळचे काका रिटायर होऊन खाजगीत सिक्युरिटीला लागले की पहिला अर्ज "टू डेज एलएपी" असा करतात. आमच्या पोर्टलमधे तो कोडच नाही, अर्ज हवेत. जागा बदलली की शब्द बदला.

सिक लीव्ह, एसएल, म्हणजे आजारपणाची. मेडिकल लीव्ह हे बोलीतलं नाव, बहुतेक ठिकाणी तेच धरतात, पण सरकारी ऑफिसात मेडिकल म्हटलं तरी बऱ्याचदा ती कम्युटेड लीव्ह असते, म्हणजे अर्धपगारी रजा पूर्ण पगारात बदलून घेतलेली, आणि तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस कापतात. 5 दिवस घेतले तर 10 गेले. हे माहीत नसल्यामुळे माझ्या ओळखीचे एक गुरुजी आपला शिलकीचा हिशोब चुकलाय म्हणून तीन महिने ऑफिसात खेटे घालत होते, हिशोब बरोबर होता. ईएसआयसीवाल्यांना (कामगार राज्य विमा असलेल्यांना) अजून वेगळं: तिथे सिकनेस बेनिफिट असतो, पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, तो कंपनी देत नाही, ईएसआयसी देते, आणि त्यासाठी सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं लागतं, गल्लीतल्या दवाखान्याचं नाही.

मॅटर्निटी लीव्ह, 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे, त्यातले बाळंतपणाच्या तारखेआधी जास्तीत जास्त 8. ताईंनी अर्जात "डिलिव्हरी लीव्ह" लिहू नये, डिलिव्हरी म्हटलं की आमचा स्टोअरवाला गाडीची वाट बघतो.

सावधान: कारण आणि प्रकार जुळू द्या. थंडीत शेतावर भरीत पार्टी करायची, कळण्याची भाकरी हाणायची, स्टेटसला फोटो टाकायचा आणि अर्ज सिक लीव्हचा. सुपरवायझर त्याच ग्रुपमधे असतो.

टप्पा 5: ऑफची मंडळी

डे ऑफ म्हणजे कामावर नसलेला एक दिवस, मग तो वीकली असो की मागून घेतलेला. शब्द उलटा केला, ऑफ डे, की अर्थ बदलला: ऑफ डे म्हणजे ज्या दिवशी सगळं उलटंच होतं, हात चालत नाही तो वाईट दिवस. "टुडे इज माय ऑफ डे" असं साहेबाला लिहिलं तर तो म्हणेल का रे, काय झालं.

वीकली ऑफ हा आपला भारतीय शब्द, मस्टरवर डब्ल्यूओ. कायद्याच्या पुस्तकात त्यालाच वीकली हॉलिडे लिहिलंय, त्यामुळे टप्पा 1 चा नियम इथे जरा वाकतो, पण अर्जात वीकली ऑफच लिहा, सगळ्यांना कळतं. फक्त वीक ऑफ लिहू नका! माझा भाचा पुण्याला सपोर्टमधे आहे, त्याने इंग्लंडच्या क्लायंटला लिहिलं, "आय ॲम ऑन वीक ऑफ टुमारो". क्लायंटने घाबरून त्याच्या मॅनेजरला विचारलं की आठवडाभर आमचं तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, कोण बघणार. वीक ऑफ म्हणजे अख्खा आठवडा. त्याला फक्त मंगळवार पाहिजे होता. "टुमारो इज माय डे ऑफ" एवढं पुरलं असतं.

"आय टूक ॲन ऑफ" हे पण आपल्याकडचंच. बाहेर "आय टूक अ डे ऑफ". "आय ॲम ऑफ टुडे" म्हणजे आज माझी सुट्टी, हे ठीक. पण नुसतं "आय ॲम ऑफ" म्हणजे चला, निघालो मी.

ऑफ ड्यूटी वेगळं: माणूस नोकरीवर आहे, रजेवर नाही, फक्त त्याची पाळी संपलीय. रात्री आठला ड्यूटी संपलेली सिव्हिलमधली नर्स ऑफ ड्यूटी असते, ऑन लीव्ह नसते.

कॉम्प ऑफ म्हणजे सुट्टीच्या दिवशी काम केल्याबद्दल बदली दिवस. ब्रिटिश त्याला टाइम ऑफ इन ल्यू म्हणतात, अमेरिकन कॉम्प टाइम. रेल्वेत कॉम्पेन्सेटरी रेस्ट. अर्ज करताना ज्या दिवशी काम केलं ती तारीख टाकाच, नाहीतर मी कुठल्या दिवसाच्या बदल्यात देऊ. "आय वर्क्ड ऑन संडे" पुरत नाही, वर्षात बावन्न रविवार असतात.

टाइम ऑफ हा सगळ्यात मोकळा शब्द, दोन तासांपासून दोन महिन्यांपर्यंत काहीही. खात्री नसेल तेव्हा बोलताना हाच वापरा. अर्जात मात्र नको, त्याला कोड नाही.

टप्पा 6: वाचणारा बाहेरचा असेल तर

इंग्लंडमधे "ऑन हॉलिडे" म्हणजे फिरायला किंवा आरामाला रजेवर. तिथे नोकरदाराला वर्षाला 5.6 आठवडे, म्हणजे पाच दिवस काम करणाऱ्याला 28 दिवस पगारी मिळतातच, आणि त्यालाच ते हॉलिडे किंवा ॲन्युअल लीव्ह म्हणतात. म्हणजे आपण टप्पा 2 मधे जे चूक ठरवलं ते तिथे बरोबर. अमेरिकेत त्याच गोष्टीला व्हेकेशन म्हणतात, हॉलिडे म्हणजे फक्त सरकारी-सणाची सुट्टी, आणि "द हॉलिडेज" म्हणजे डिसेंबरचा शेवट. अमेरिकन कंपन्यांत पीटीओ पण दिसेल, पेड टाइम ऑफ, त्यात सीएल-एसएल-ईएल सगळं एकाच डब्यात.

आपल्याकडे व्हेकेशन शाळा, कॉलेज आणि कोर्ट यांनाच. गुरुजींना उन्हाळी व्हेकेशन, कोर्टाला व्हेकेशन. कारखान्यातला फिटर आखाजीला सासरवाडीला गेला तर ते व्हेकेशन नाही, लीव्हच. रिसेस म्हणजे शाळेतली मधली सुट्टी. ब्रेक म्हणजे चहा-जेवणाचा, मिनिटांत मोजायचा.

सावधान: ब्रेक इन सर्व्हिस हा वेगळाच प्राणी. त्याने नोकरीची सलगता तुटते. कंत्राटी मास्तरांना, नर्सताईंना मधे एकदोन दिवस टेक्निकल ब्रेक देऊन परत घेतात तो हाच. तुमच्या रजेच्या अर्जात "प्लीज गिव्ह मी टू डेज ब्रेक" लिहून स्वतःच्या हाताने तो शब्द फाइलीत घालू नका.

टप्पा 7: हे शब्द स्वतःहून वापरू नका

ॲबसेंट म्हणजे हजर नसलेला, कारण काहीही असो, पण मस्टरवर ए पडला की तो खाडा धरतात. म्हणून "आय विल बी ॲबसेंट टुमारो" लिहिणं म्हणजे स्वतःच्या पगाराला कात्री लावायला सांगणं. "आय विल बी ऑन कॅज्युअल लीव्ह टुमारो, सब्जेक्ट टू युवर अप्रूव्हल" लिहा.

लीव्ह विदाउट पे, एलडब्ल्यूपी, म्हणजे मंजूर आहे पण बिनपगारी. अनऑथराइज्ड ॲबसेन्स म्हणजे दांडी. दोन्हीत पैसे जातातच, पण पहिल्यात रेकॉर्ड साफ राहतं, दुसऱ्यात चार्जशीट येऊ शकते. बॅलन्स संपला असेल तरी अर्ज करा, एलडब्ल्यूपी मागा. हे इतक्यांदा सांगून झालंय, तरी पोरं म्हणतात पगार तर जाणारच आहे मग कशाला लिहायचं. अरे, पगारासाठी नाही, फाइलीसाठी लिहायचं.

लीव्ह ऑफ ॲबसेन्स हे ऐकायला गैरहजेरी वाटतं पण ते उलट आहे, ती लांब मुदतीची रीतसर मंजूर रजा. फ्रेंच लीव्ह म्हणजे मात्र चक्क दांडी, त्यात लीव्ह शब्द बघून फसू नका. ॲबस्कॉन्डिंग एचआरच्या भाषेत न सांगता नोकरी सोडून गेलेला, पोलिसांच्या भाषेत फरार.

ले-ऑफमधे ऑफ आहे म्हणून तो सुट्टीचा प्रकार नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या आपल्या 1947 च्या इंडस्ट्रियल डिस्प्युट्स ॲक्टमधे ले-ऑफ म्हणजे माल नाही, वीज नाही, मशीन बंद म्हणून मालकाला काम देता आलं नाही, नाव पटावर राहतं आणि पात्र कामगाराला बेसिक-डीएच्या अर्धी भरपाई, असं होतं. अमेरिकन बातम्यांतला लेऑफ म्हणजे सरळ नोकरी गेली. एका पोराने बायोडेटात "ले ऑफ: एव्हरी सॅटर्डे" लिहिलं होतं. दर शनिवारी नोकरी जायची त्याची.

फर्लो आपल्याकडे पेपरात येतो तो कैद्यांचा, पॅरोलसोबत. 2020 मधे इंग्लंडमधे कोरोनामुळे घरी बसवलेल्या कामगारांना फर्लोवर आहेत म्हणायचे, सरकार त्यांच्या पगाराचा 80 टक्के भाग द्यायचं. गावात सांगताना जपून, "मी फर्लोवर होतो" म्हटलं तर सोयरीक मोडेल.

टप्पा 8: आता अर्ज लिहा

क्रम असा: प्रकार, दिवस किती, तारखा वारासकट, कारण एका ओळीत, मधे किंवा शेजारी येणारा ऑफ-हॉलिडे, आणि परत कधी. कानबाईवाल्या पोराचा अर्ज मी असा करून दिला:

"आय रिक्वेस्ट टू डेज ऑफ कॅज्युअल लीव्ह ऑन संडे, 23 ऑगस्ट अँड मंडे, 24 ऑगस्ट फॉर अ फॅमिली रिलिजस फंक्शन. सॅटर्डे, 22 ऑगस्ट इज माय वीकली ऑफ. आय विल बी बॅक ॲट वर्क ऑन ट्यूसडे, 25 ऑगस्ट, फर्स्ट शिफ्ट."

तीनच वाक्यं. "रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट" वगैरे शाळेच्या निबंधातलं काढून टाका, ॲपमधे तेवढी जागा पण नसते.

"टिल 24" लिहिलं की 24 ला येणार की 25 ला यावर वाद होतो, म्हणून परतीची तारीख वेगळी लिहायचीच. "नेक्स्ट मंडे" पण नको, तारीख टाका. आणि परत येण्याला "आय विल जॉइन ऑन 25" लिहितात, सरकारी ऑफिसात जॉइनिंग रिपोर्ट असतो म्हणून तिथे ठीक, बाहेरच्या माणसाला जॉइन म्हणजे नवीन नोकरी. "बी बॅक" किंवा "रिझ्यूम" बरं.

शेजारच्या सुट्ट्या लिहायच्या कारण सँडविच. दोन रजांच्या मधे आलेला हॉलिडे काही कंपन्या रजेतच मोजतात. केंद्र सरकारात सीएलच्या मधे आलेला रविवार मोजत नाहीत, ईएलच्या मधे आलेला मोजतात, पुढे-मागे लागून असलेला प्रिफिक्स-सफिक्स म्हणून सोडवून घेता येतो. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमधे तर स्पष्ट होतं की कायद्याने मिळणाऱ्या पगारी रजेत सुट्ट्या धरायच्या नाहीत. तुमच्या कंपनीचा नियम आधी विचारा, मग तारखा टाका.

तपासा: अर्ज दुसऱ्याला वाचायला द्या आणि विचारा, मी कोणत्या दिवशी गेटवर दिसेन? त्याने बोट ठेवून तारीख सांगितली तर पाठवा.

टप्पा 9: पाठवल्यावर आणि आल्यावर

आधी अर्ज, मग मंजुरी, मग रेल्वेचं तिकीट. उलट क्रमाने सगळे करतात आणि मग "ऑलरेडी टिकेट बुक्ड सर" हे कारण म्हणून लिहितात. फॅक्टरी ॲक्टवाली पगारी रजा तर 15 दिवस आधी मागायची असा नियम होता, आजारपण सोडून.

मेलला ऑटो रिप्लाय लावताना नुसतं "आउट ऑफ ऑफिस" लावलं तर टूरवर आहात की रजेवर ते कळत नाही. कंपनीच्या कामाने नाशिकला गेलात तर ती ऑन ड्यूटी, ओडी, तिची रजा कापू देऊ नका.

अचानक पोटात दुखलं तर एवढाच मेसेज शिफ्टच्या आधी: "आय ॲम अनवेल, प्लीज ट्रीट टुडे ॲज सिक लीव्ह, आय विल अप्लाय ऑन रिटर्न." आणि आल्यावर खरंच अप्लाय करा.

परत आल्यावर त्याच आठवड्यात पोर्टलमधे आपला कोड उघडून बघा, जिथे सीएल पाहिजे तिथे ए नाही ना, डब्ल्यूओच्या जागी एलडब्ल्यूपी नाही ना. चूक असेल तर पगाराची शीट बंद व्हायच्या आत माझ्याकडे या. नंतर आलात तर पैसे पुढच्या महिन्याच्या ॲरिअर्समधेच मिळतील.